एल निनो आला, पाऊस आला नाही: कॅलिफोर्नियाचा २०१५-१६ चा हिवाळा

१ एप्रिल २०१५. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत, टाहो तलावाच्या दक्षिणेला, साधारण ६,८०० फुटांवर फिलिप्स स्टेशन नावाचं ठिकाण आहे. राज्याच्या जलसंपदा खात्याची माणसं दर हिवाळ्यात तिथे जाऊन बर्फ मोजतात. पोकळ नळी बर्फात थेट जमिनीपर्यंत खुपसायची, आत अडकलेल्या बर्फासकट वर ओढायची आणि ताणकाट्याला लटकवून वजन करायचं. त्यावरून हा बर्फ वितळल्यावर किती इंच पाणी होईल ते कळतं. एप्रिलच्या तोंडावर एरवी तिथे पाच फुटांहून जास्त बर्फ असतो. त्या दिवशी नळी खुपसायला काही नव्हतंच. गव्हर्नर जेरी ब्राऊन पिवळ्या पडलेल्या गवतावर उभे राहिले आणि राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच सक्तीची पाणीकपात जाहीर केली. शहरी वापरात २५ टक्के कपात. राज्यभरातला बर्फाचा साठा त्या दिवशी सरासरीच्या ५ टक्के होता.

आपल्याकडे जे काम जून ते सप्टेंबर हे महिने करतात, ते तिथे नोव्हेंबर ते मार्च करतात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. हिवाळ्यात प्रशांत महासागरावरून वादळं येतात, किनाऱ्याला पाऊस आणि सिएराच्या माथ्यावर बर्फ टाकून जातात. हा बर्फ म्हणजे भिंत न बांधता मिळालेलं धरणच. एप्रिलपासून तो सावकाश वितळतो आणि राज्याच्या गरजेचं सुमारे तीस टक्के पाणी पुरवतो. २०१५ च्या एप्रिलपर्यंत असे चार हिवाळे ओळीने कोरडे गेले होते.

आणि नेमकं त्याच सुमारास, तिथून हजारो किलोमीटरवर, विषुववृत्तावरचं प्रशांत महासागराचं पाणी तापू लागलं होतं. यालाच एल निनो म्हणतात.

या एका हिवाळ्याचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. समुद्राच्या तापमानाचा दूरच्या हवामानाशी असलेला संबंध इतका खरा आहे की त्याच्यावर विसंबावंसं वाटतं, आणि तो इतका सैल आहे की नुसतं विसंबून चालत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसाव्यात असं उदाहरण यापेक्षा ठळक सापडणं कठीण.

भरवसा कशावर होता

अमेरिकेच्या महासागर व हवामान संस्थेने, म्हणजे नोआने, मार्च २०१५ मध्ये एल निनो सुरू झाल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी हुलकावणी मिळालेली होती. २०१४ च्या वसंतात समुद्राच्या पोटातून गरम पाण्याची मोठी लाट पूर्वेकडे सरकली, सगळे सावध झाले आणि मग वाऱ्यांनी साथ न दिल्यामुळे ती विरून गेली. २०१५ मध्ये मात्र पश्चिमेचे वारे वारंवार उसळले. एल निनो मोजण्यासाठी मध्य प्रशांतातला एक ठरावीक चौकोन धरतात, १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश. तिथलं तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश सेल्सिअसने वर जाऊन काही महिने टिकलं की एल निनो धरला जातो. २०१५-१६ च्या हिवाळ्यात हा फरक २.६ अंशांपर्यंत गेला. १९९७-९८ मध्ये तो २.४ होता. म्हणजे आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी हा एक.

ऑगस्ट २०१५ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले समुद्रशास्त्रज्ञ बिल पॅट्झर्ट यांनी हा एल निनो 'गॉडझिला' ठरू शकतो असं म्हटलं. ते 'ठरू शकतो' म्हणाले होते. बातम्यांमध्ये तेवढे दोन शब्द गळाले आणि गॉडझिला उरला.

लोकांना आठवण होती ती दोन हिवाळ्यांची, १९८२-८३ आणि १९९७-९८. लॉस एंजेलिस शहरात वर्षाला सरासरी १५ इंच पाऊस पडतो. या दोन्ही मोसमांत तो ३१ इंचांच्या वर गेला. फेब्रुवारी १९९८ या एकाच महिन्यात तिथे १३.६८ इंच पाऊस झाला. डोंगरउतारावरची घरं चिखलाबरोबर खाली आली, रस्ते वाहून गेले. आता तसाच पाऊस येणार, दुष्काळ तोडणार आणि थोडी पडझडही करणार, अशी सगळ्यांची धारणा होती. लष्कराच्या अभियंत्यांनी ग्रिफिथ पार्कजवळ लॉस एंजेलिस नदीच्या काठावर वाळू भरलेले तात्पुरते बांध घातले. छपरं दुरुस्त करणाऱ्यांना फुरसत नव्हती. दुकानांतून ताडपत्र्या आणि वाळूच्या पिशव्या उचलल्या जात होत्या.

आम्ही तेव्हा सॅन होजेत राहत होतो. भाज्या धुतलेलं पाणी टबात साठवून कढीपत्त्याच्या कुंडीला घालायचं, आंघोळीचं गरम पाणी येईपर्यंत नळाखाली बादली लावायची, हे सोलापूरकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. अंगणातली हिरवळ मात्र सगळ्या गल्लीने वाळू दिली होती. 'डिसेंबरपासून सुटका आहे' हे वाक्य त्या शरद ऋतूत मी किती जणांकडून ऐकलं असेल.

ही ऊब इतक्या लांब पोचते कशी

विषुववृत्तावर प्रशांत महासागरात एरवी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते वरचं तापलेलं पाणी ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला नेऊन साठवतात. तिथे समुद्राची पातळी पेरूच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते आणि पाण्याचं तापमान २९ अंशांच्या आसपास. पेरूकडे मात्र तळाचं गार पाणी वर येत राहतं. एल निनोच्या वर्षी हे वारे ढिले पडतात, काही वेळा उलटे वाहतात. मग साठलेलं गरम पाणी पूर्वेकडे परततं. त्यामुळे पूर्व-पश्चिमेतला तापमानाचा फरक कमी होतो, त्यामुळे वारे आणखी ढिले पडतात, आणि हे चक्र स्वतःलाच ताकद देत राहतं. हा दुवा नीट मांडला तो हवामानशास्त्रज्ञ जेकब बियर्क्नेस यांनी १९६० च्या दशकात, आणि योगायोग असा की तेव्हा ते लॉस एंजेलिसच्याच विद्यापीठात शिकवत होते.

त्याआधी अर्धं काम भारतात झालं होतं. १८७७ आणि १८९९ च्या दुष्काळांनंतर पावसाचा अंदाज बांधण्याची निकड होती. १९०४ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर भारतीय वेधशाळांचे प्रमुख म्हणून शिमल्याला आले. जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडून त्यांनी दाखवलं की प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलटही. ते गेल्यावर काही वर्षांनी, १९२८ मध्ये, हे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला हललं. पुण्याच्या शिवाजीनगरमध्ये 'शिमला ऑफिस' म्हणून रिक्षावाला जिथे सोडतो, ती हीच वेधशाळा.

आता मुख्य प्रश्न. विषुववृत्तावरचं पाणी तापलं तर सॅन दिएगोला पाऊस का पडावा?

पाणी साधारण २८ अंशांच्या वर गेलं की त्यावर उंच, गडगडाटी ढग उभे राहू लागतात. बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते आणि ती दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवेत मिसळते. तिथे हवा फुगते, बाजूला पसरते. ओढ्याच्या वाहत्या धारेत मोठा धोंडा टाकला की पाणी नुसतं त्याच्याभोवती वळत नाही, खाली लांबपर्यंत वळसे घेत जातं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्याच्या, म्हणजे जेट स्ट्रीमच्या बाबतीत हा ढगांचा पट्टा तेच करतो. तिच्यात हजारो किलोमीटर लांबीचे वळसे तयार होतात. त्यांना रॉस्बी लहरी म्हणतात. हे वळसे विषुववृत्तापासून कमान घेत उत्तरेला अलास्काकडे आणि तिथून खाली अमेरिकेच्या आग्नेय टोकाकडे उतरतात. अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवर कमी दाबाचं क्षेत्र खोल होतं, कॅनडावर जास्त दाब येतो आणि जेट स्ट्रीम पूर्वेकडे ताणली जाऊन थेट कॅलिफोर्नियावर रोखली जाते. वादळं तिच्याच वाटेने येतात.

हे सगळं हिवाळ्यातच का, यालाही कारण आहे. उत्तर गोलार्धात जेट स्ट्रीम हिवाळ्यात सर्वांत जोरात असते आणि विषुववृत्ताकडे सरकलेली असते. एल निनोसुद्धा डिसेंबरच्या आसपासच शिखर गाठतो. दोन्ही वेळा जुळतात, म्हणून या दूरसंबंधाचा हात हिवाळ्यात लांबवर पोचतो.

१९८२-८३ मध्ये हे सगळं घडत असताना कुणाला पत्ताच नव्हता. एल चिचोन ज्वालामुखीची राख वातावरणात असल्यामुळे उपग्रहांची समुद्राच्या तापमानाची मोजणी चुकली, आणि इतका मोठा एल निनो ऐन भरात येईपर्यंत ओळखला गेला नाही. त्या धड्यातूनच पुढे विषुववृत्तावर तापमान मोजणाऱ्या सुमारे सत्तर बोयांची, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या उपकरणांची, रांग उभी राहिली. २०१५ मध्ये अज्ञान हे कारण नव्हतं. आठवड्याच्या आठवड्याला आकडे समोर येत होते.

घडलं ते

सुरुवात अपेक्षेप्रमाणे झाली. जानेवारी २०१६ च्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कॅलिफोर्नियावर ओळीने वादळं आली, सॅन दिएगोत रस्त्यांवर पाणी साचलं. मग वादळांची वाट उत्तरेला सरकली आणि तिथेच राहिली. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराचा डिसेंबर २०१५ हा विमानतळावरच्या नोंदींतला सर्वांत ओला डिसेंबर ठरला, १५ इंचांहून जास्त. सिअ‍ॅटलमध्येही ओल्या हिवाळ्याचे विक्रम मोडले. अंदाजात नेमका याच भागात पाऊस कमी दाखवलेला होता.

फेब्रुवारीत कॅलिफोर्नियावर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला. १९९८ च्या ज्या फेब्रुवारीची सगळ्यांना आठवण होती, त्याच महिन्यात लॉस एंजेलिसला या वेळी एक इंचही पाऊस नाही. काही दिवस पारा ३० अंशांच्या पुढे, लोक समुद्रावर. मोसमाअखेर शहराचा पाऊस १० इंचांच्या आतच राहिला. सांता बार्बराला पाणी पुरवणारा काचुमा तलाव पुढे त्याच वर्षी दहा टक्क्यांच्याही खाली गेला. उत्तरेला मार्चच्या पावसाने शास्ता आणि ओरोव्हिल ही मोठी धरणं बरीच सावरली, आणि १ एप्रिल २०१६ ला राज्याचा बर्फाचा साठा सरासरीच्या ८७ टक्के निघाला. आदल्या वर्षीच्या पाच टक्क्यांपुढे हे भाग्यच. पण चार वर्षांची तूट एका साधारण हिवाळ्याने भरत नाही. जंगलांचं तर त्याहून वाईट झालं. अमेरिकेच्या वनखात्याने नोव्हेंबर २०१६ मध्ये विमानातून पाहणी करून सांगितलं की २०१० पासून राज्यातली १० कोटी २० लाख झाडं मेली आहेत, आणि त्यातली ६ कोटींहून जास्त त्या एका वर्षातली.

पाऊस आला नाही, समुद्र मात्र आला. हा भाग फारसा सांगितला जात नाही. एल निनोत पश्चिम किनाऱ्यावर समुद्राची पातळी थोडी चढते आणि प्रशांतावरची वादळं मोठ्या लाटा पाठवतात. वादळाचे ढग उत्तरेला गेले तरी त्यांच्या लाटा दक्षिणेपर्यंत पोचतात. त्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पुळणींची धूप नेहमीपेक्षा ७६ टक्क्यांनी जास्त झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिका नावाचं गाव आहे. तिथे एस्प्लनेड रस्त्यावर कड्याच्या टोकाला इमारती होत्या, गॅलरीत उभं राहिलं की खाली थेट पाणी. जानेवारी २०१६ मध्ये लाटांनी पायथा पोखरला, कडा ढासळत इमारतींच्या अंगाशी आला आणि भाडेकरूंना सामान उचलून बाहेर पडावं लागलं. गावाने आणीबाणी जाहीर केली. एल निनोने आपला शब्द पाळला, पण पावसाच्या नव्हे, लाटांच्या रूपाने.

बाकी जगाचं इथे धावतं सांगतो. डिसेंबर २०१५ मध्ये पॅराग्वे नदीच्या पुराने असुन्सिओनमधल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये २२ अंश तापमान होतं. यातलं सगळंच एल निनोच्या खात्यावर टाकता येणार नाही, तरी दक्षिण अमेरिकेतल्या पुरात त्याचा हात जुनाच आहे.

चुकलं कुठे

हे घडत असतानाच शास्त्रज्ञ कामाला लागले होते. जानेवारी ते मार्च २०१६ मध्ये नोआने होनोलुलूहून आपलं गल्फस्ट्रीम विमान थेट तापलेल्या पट्ट्यावर पाठवलं. विषुववृत्ताजवळच्या किरिटिमाटी बेटावरून हवामानाचे फुगे सोडले. एल निनोच्या ऐन हृदयात इतकी बारकाईची मोजणी त्याआधी झाली नव्हती. त्याच बेटाभोवतीची प्रवाळं त्या गरम पाण्यात बहुतांश मेली.

पुढच्या काही वर्षांत जी कारणं समोर आली, त्यातलं पहिलं मला सर्वांत उद्बोधक वाटतं. समुद्र किती तापला एवढंच पाहून भागत नाही, कुठे तापला ते पाहावं लागतं. १९९७-९८ मध्ये सर्वांत जास्त वाढ पूर्वेला, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला होती. तिथलं पाणी मुळात गार, पण त्या वर्षी ते इतकं चढलं की २८ अंशांची पायरी ओलांडून ढगांचा पट्टा पार पेरूपर्यंत सरकला. २०१५-१६ मध्ये मध्य प्रशांतात विक्रमी ऊब होती, पूर्वेला तुलनेने कमी. ढगांचा मुख्य पट्टा आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या जवळच राहिला. धोंडा ओढ्यात वेगळ्या जागी पडला की पुढचे वळसेही वेगळ्या जागी येणारच. ऊब तितकीच, किंबहुना थोडी जास्तच, पण जेट स्ट्रीमचा रोख काही शे किलोमीटरने उत्तरेला. एवढा फरक लॉस एंजेलिस कोरडं आणि पोर्टलंड चिंब ठेवायला पुरतो.

दुसरं कारण म्हणजे त्या वर्षी पश्चिम प्रशांत आणि हिंदी महासागरही नेहमीपेक्षा गरम होते. तिथल्या ढगांनीही आपापले वळसे पाठवले आणि मूळच्या वळशांत ते मिसळले.

तिसरं कारण सगळ्यांत साधं आणि सगळ्यांना नकोसं. समुद्राचं तेच तापमान देऊन हवामानाचं मॉडेल पुन्हा पुन्हा चालवलं तर बहुतेक वेळा दक्षिण कॅलिफोर्निया ओला येतो, पण काही वेळा कोरडाही येतो. वातावरणाचं स्वतःचं चलनवलन असतं. समुद्र त्याला कल देतो, वाट ठरवून देत नाही. १९७६-७७ मध्ये क्षीण का होईना एल निनो होता, आणि तो कॅलिफोर्नियाच्या इतिहासातल्या सर्वांत कोरड्या हिवाळ्यांपैकी एक. माझ्या मते २०१५-१६ मध्ये या तिसऱ्या कारणाचा वाटा पहिल्याइतकाच होता, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते, कारण त्यात सांगण्यासारखी गोष्ट नसते.

म्हणून ऑक्टोबर २०१५ चा अंदाज मुळात काय म्हणत होता ते पाहायला हवं. नोआ मागच्या तीस वर्षांचे हिवाळे कोरडे, मध्यम आणि ओले अशा तीन सारख्या गटांत वाटते. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता ३३ टक्के. त्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियासाठी ओल्या गटाची शक्यता निम्म्याहून जास्त दिली होती. हवामानशास्त्राच्या दृष्टीने हे मोठंच विधान आहे. पण म्हणजेच उरलेल्या दोन गटांनाही भरपूर जागा होती. नकाशावर हे हिरव्या गडद रंगाने दाखवतात आणि बघणाऱ्याला वाटतं, रंग जितका गडद तितका पाऊस जास्त. रंग शक्यतेचा असतो, इंचांचा नसतो. हा घोळ मी शिकल्यासवरलेल्या इंजिनीयर मंडळींमध्येही पाहिला आहे.

त्यात भर म्हणजे आठवणीत असलेले बलाढ्य एल निनो दोनच. दोन उदाहरणांवरून नियम बांधला गेला, आणि ती दोन्ही उदाहरणं इतकी भिजलेली होती की तिसऱ्याबद्दल शंका घ्यायला कुणी तयार नव्हतं.

तोच एल निनो, लातूर

हीच ऊब २०१५ च्या पावसाळ्यात आपल्याकडेही जाणवली, आणि दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून पाहिली की चित्र पुरं होतं. भारतीय हवामान खात्याने एप्रिल २०१५ मध्ये देशासाठी सरासरीच्या ९३ टक्के पावसाचा अंदाज दिला, जूनमध्ये तो ८८ वर आणला. प्रत्यक्षात ८६ टक्के झाला. इतका नेमका हंगामी अंदाज क्वचित साधतो. मराठवाड्यात तूट देशापेक्षा कितीतरी जास्त होती. मांजरा धरण आटलं, लातूर शहरात टँकर भरायच्या जागांवर मार्च २०१६ मध्ये जमावबंदी लावावी लागली, आणि ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर.

आता १९९७ पाहा. तोही बलाढ्य एल निनो, आणि त्या वर्षी भारतात पाऊस १०२ टक्के. कॅलिफोर्निया त्याच हिवाळ्यात पाण्याखाली. २०१५ मध्ये भारत कोरडा, कॅलिफोर्नियाही कोरडा. २००२ चा एल निनो मध्यम ताकदीचा, पण मध्य प्रशांतात बसलेला, आणि आपला पाऊस ८१ टक्के. ऊब मध्य प्रशांतात असली की भारताला जास्त झळ लागते, हे भारतीय शास्त्रज्ञांनी २०१५ च्या आधीच दाखवलेलं आहे. १९९७ मध्ये हिंदी महासागरातली परिस्थितीही आपल्या बाजूने होती, हे खरं. तरीही ऊब कुठे बसली हा एकच धागा दोन्ही खंडांवर लागू पडतो आणि मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

याहून एक गोष्ट जास्त बोचते. भारतात अंदाज बरोबर आला आणि लातूरचं पाणी संपलं. कॅलिफोर्नियात अंदाजाने दगा दिला आणि शहरांना पाणी पुरलं. कारण गॉडझिलाच्या बातम्या चालू असतानाही राज्याने कपात उठवली नाही. जून २०१५ ते मार्च २०१६ या काळात शहरांनी जवळपास २४ टक्के पाणी वाचवलं, आणि सक्ती सैल केली ती मे २०१६ मध्ये, हिवाळा हातात काय टाकून गेला ते मोजून झाल्यावर. मांजरा खोऱ्यात जूनमध्येच ८८ टक्क्यांचा आकडा हाती असताना उसाच्या पाण्याचा प्रश्न कुणी उघडला नाही.

कॅलिफोर्नियाला आदर्श ठरवायचं कारण नाही. तुलारे काउंटीतल्या ईस्ट पोर्टरव्हिलमध्ये शेकडो घरांच्या विहिरी आटल्या आणि मेक्सिकन शेतमजुरांच्या कुटुंबांना दारातल्या टाकीवर आणि बाटलीबंद पाण्यावर दिवस काढावे लागले. शेजारच्या बदामाच्या बागा खोलवरचं भूजल उपसत राहिल्या, इतकं की सॅन होकीनच्या खोऱ्यात जमीन खचली. शहराच्या नळाला पाणी होतं, एवढाच त्या पुरण्याचा अर्थ.

पुढचा हिवाळा

२०१६ च्या शरदात एल निनो गेला आणि क्षीण ला निना आली, म्हणजे प्रशांतातलं तेच पाणी सरासरीपेक्षा गार होण्याची उलटी अवस्था. ठोकताळ्याप्रमाणे आता दक्षिण कॅलिफोर्निया तर कोरडा जायलाच हवा होता, आणि उत्तरेचाही भरवसा नव्हता. प्रत्यक्षात उत्तर सिएराच्या आठ केंद्रांवरच्या पावसाची सरासरी ९४.७ इंचांवर गेली. १९८२-८३ चा ८८.५ इंचांचा विक्रम मोडला. बाष्पाने भरलेले लांब, अरुंद पट्टे हवाई बेटांकडून एकामागून एक येत राहिले. हवामानवाले त्यांना वातावरणीय नद्या म्हणतात.

७ फेब्रुवारी २०१७ ला ओरोव्हिल धरणाच्या मुख्य सांडव्याला भगदाड पडलं. हे धरण ७७० फूट उंच, अमेरिकेतलं सर्वांत उंच, आणि त्याची साठवण कोयनेच्या जवळपास दीडपट. सांडवा बंद करावा तर पाणी चढतं, सोडावं तर भगदाड वाढतं. ११ तारखेला १९६८ नंतर पहिल्यांदाच पाणी आपत्कालीन सांडव्यावरून गेलं. तिथे काँक्रीटची उतरण नव्हतीच, उघडी टेकडी होती, आणि ती धूप होत भिंतीच्या दिशेने मागे सरकू लागली. १२ तारखेच्या संध्याकाळी खालच्या गावांतल्या सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना ताबडतोब बाहेर पडायला सांगितलं. धरण टिकलं. एप्रिलमध्ये गव्हर्नर ब्राऊन यांनी राज्याच्या बहुतेक भागातली दुष्काळी आणीबाणी उठवली. दुष्काळ एल निनोने नाही, ला निनाच्या हिवाळ्याने तोडला. २०२२-२३ मध्ये हेच पुन्हा घडलं. ओळीने तिसरी ला निना, आणि कॅलिफोर्नियात धो धो पाऊस.

कॅलिफोर्नियाच्या वर्षभराच्या पाण्याचा मोठा हिस्सा अशा मोजक्या वातावरणीय नद्यांतून येतो. दोन-तीन जास्त आल्या तर पूर, दोन-तीन कमी आल्या तर दुष्काळ. एल निनो त्यांचं प्रमाण थोडं इकडे-तिकडे हलवतो. पण अमुक नदी कोणत्या खोऱ्यावर येऊन थांबेल हे ऑक्टोबरमध्ये कुणालाच कळत नाही. चार-पाच दिवस आधी मात्र कळू शकतं, आणि २०१६ नंतरचं काम त्या दिशेने गेलं. २०१५-१६ च्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, सॅन दिएगोच्या स्क्रिप्स संस्थेच्या पुढाकाराने हवाई दलाची चक्रीवादळ मोजणारी विमानं या बाष्पपट्ट्यांवर उडाली आणि उपकरणं खाली सोडली. ती उड्डाणं आता दर हिवाळ्यात होतात.

त्याचा धरणाच्या दारांशी कसा संबंध येतो ते मेंडोसिनो तलावावर दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, रशियन नदीच्या खोऱ्यातलं हे मध्यम धरण. डिसेंबर २०१२ मध्ये चांगला पाऊस होऊन ते भरलं. पुरासाठी जागा मोकळी ठेवण्याच्या जुन्या नियमावलीप्रमाणे पाणी सोडून दिलं. नंतर २०१३ हे वर्ष जवळपास कोरडं गेलं आणि तलावाचा तळ दिसू लागला. आकाशात पुढचं वादळ नाही हे दिसत असूनही नियमावलीत अंदाज बघायची सोय नव्हती. आता तिथे पुढच्या दिवसांत वातावरणीय नदी येते आहे की नाही ते पाहून पाणी राखायचं की सोडायचं ते ठरवतात. २०१९-२० चा हिवाळा फार कोरडा गेला, तरी या पद्धतीने तलावात ११ हजार एकर-फुटांहून जास्त पाणी राहिलं, जे जुन्या नियमाने सोडून दिलं गेलं असतं. आपल्या हिशेबात ते जवळपास अर्धा टीएमसी होतं.